कॅम्पर व्हॅनने पुण्याहून हैदराबादला जाताना सोलापुरात एक दिवस आहे. काय बघावं, आणि पाणी, गॅस वगैरे कामं कशी उरकावीत?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ‘कुणाच्या तरी घरच्या नळाला पाइप लावून टाकी भरून घेऊ’. त्या एका ओळीसाठी लिहायला बसलो. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. आलं की घरातली पिंपं, हंडे, टाक्या भरून ठेवायच्या आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायच्या. त्यातून तुम्हाला तांब्याभर पाणी मिळेल, वर चहाही मिळेल. शंभर लिटर मागू नका.

पाणी विकत घ्या. वीस लिटरचे पाच जार म्हणजे तुमची शंभराची टाकी. ओतताना नरसाळ्यावर सुती फडकं बांधा, नाहीतर कचरा पंपाच्या जाळीत अडकतो, नळाची धार बारीक होते आणि लोक उगाच पंप बदलत बसतात. जारच्या पाण्यात क्लोरीन जवळजवळ नसतं, त्यामुळे उन्हात तापलेल्या टाकीत दोन-तीन दिवसांत बुळबुळीत थर धरतो. क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरच्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. बोअरचं पाणी धुण्याभांड्याला चालेल, पण टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर पाचशेच्या वर गेला तर गीझरमध्ये सोडू नका. कॉइलवर पांढरा थर बसतो आणि पाणी तापायला जास्त वेळ लागतो.

टाकी भरायची ती गाव सोडताना, संध्याकाळी. ‘आधी पाणी, मग बाकी’ म्हणणारे व्हॅनवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, आमच्याही आहेत. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. टाकी मागच्या चाकांच्या मागे असेल तर पुढचा भाग हलका होतो, स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं. शिवाय दिवसभर उभ्या गाडीत ते पाणी तापतं.

गाडी गावात घालू नका. विजापूर रोड किंवा होटगी रोडकडे मोठं आवार असलेलं हॉटेल बघा, जेवण तिथेच घेऊन दिवसभर उभी करायची विचारून परवानगी घ्या आणि रिक्षाने फिरा. टायरची हवा सकाळी गाडी हलवण्याआधीच मोजा. चालून तापलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसतात. ते बघून हवा सोडलीत तर दुसऱ्या दिवशी कमी हवेवर हायवेला लागाल.

सकाळी सातच्या आत सिद्धेश्वर. देऊळ तळ्यात आहे, शेजारीच भुईकोट किल्ला. दोन्ही मिळून तीन तास. मग चार हुतात्मे चौक. 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेले मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिशन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ते हेच. नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी दिसेल या आशेने जाऊ नका, काळवीट दिसेल. नळदुर्गचा किल्ला हैदराबाद रस्त्यावरच आहे, साधारण पन्नास किलोमीटरवर, तो दुसऱ्या दिवशी सकाळी करा. पाणीमहालावरून कोसळणारे नर-मादी धबधबे फक्त पावसाळ्यात.

दुपारी खरेदी, चाटी गल्लीत. चादरीचा एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा. सुती असेल तर कागदासारखा वास येऊन राख होते, मिश्र असेल तर टोकाला कडक मणी होतो. सोलापुरी म्हणून मिश्र धाग्याचा मालही खपवला जातो. खरं म्हणजे व्हॅनसाठी चादर घेऊच नका, जाड असते, वाळायला दिवस लागतो. टॉवेल घ्या, वापरण्याआधी एकदा भिजवून धुवा. नवा टॉवेल पाणी नीट टिपत नाही. सोबत कडक भाकरी आणि शेंगा चटणी. भाकरी कोरडी ठेवली तर फ्रिजशिवाय कितीतरी दिवस टिकते, गरम आमटीत चुरून खायची. फ्रिज बंद पडलेल्या व्हॅनमध्ये यापेक्षा चांगलं जेवण नाही.

गॅस: पाच किलोचा ‘छोटू’ सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. मोठ्या सिलिंडरमधून भरून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, ते बेकायदा आहे आणि स्फोटाचं काम आहे. जोडल्यावर साबणाच्या पाण्याने जोड तपासा. सिलिंडरच्या कपाटाला खालच्या बाजूला भोक हवं. गॅस हवेपेक्षा जड, वरच्या जाळीतून जात नाही.

टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैला साठणारी काढता येणारी टाकी, सार्वजनिक शौचालयात, तिथल्या माणसाला विचारून, पैसे देऊन रिकामी करा. तळ्याकाठी किंवा कुणाच्या शेतात नाही.

धुणं राहिलं. कुठल्याही पेठेत लाँड्री सापडेल, पण एका दिवसात कपडे परत मिळतील यावर बेत आखू नका.

आणि हो, हे सगळं संक्रांत सोडून. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, होम मैदान आणि सिद्धेश्वरचा परिसर माणसांनी भरलेला असतो. तेव्हा आलात तर काठ्यांची (नंदीध्वजांची) मिरवणूक बघा, कामं पुढच्या गावात करा. एरवी मात्र सकाळी टाकीत वीस लिटरच्या खाली पाणी असेल तर दोन जार तेवढे आधी ओता. ग्रुपमधल्या ‘आधी पाणी’वाल्यांचं मी एवढंच मान्य करतो.