अंगणातलं लाकडी घर पावसात टिकवायचं कसं?

प्रश्न: ताई, आम्ही गुहागरला राहतो, नातवंडं चार आणि सहा वर्षांची, सुट्टीत येतात. मुलगा म्हणतो ऑनलाइन पाइनचं प्लेहाऊस मागवू, आमचे सुतार म्हणतात पडवी उतरवली तेव्हाच्या सागवानी फळ्या माळ्यावर पडून आहेत त्यातच करून देतो. काय करावं? वाळवीची फार भीती वाटते.
– एक आजी

उत्तर: आजी, सुतारांचं ऐका. पाइन हलकं, दिसायला गोड, पण ट्रीटमेंट नसेल तर कोकणातल्या पावसात आणि वाळवीपुढे ते टिकणारं नाही, आणि ट्रीटमेंट असेल तर कसली ते विक्रेत्याला विचाराच, कारण आर्सेनिकवालं एक औषध पूर्वी सर्रास वापरायचे आणि अमेरिकेत 2003 अखेर ते मुलांच्या खेळण्याच्या सामानातून बंद झालं. जुना साग मुरलेला असतो, वाकत नाही. फक्त मधला तपकिरी भाग घ्या, कडेचा पांढरा भाग सागाचा असला तरी किडा खातो. फळ्या कमी पडल्या तर फणस चालेल, आंबा नको. आणि त्या फळ्यांवर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता खूप, ती धूळ मुलांच्या पोटात जाते. अशा फळ्या सरळ बाजूला ठेवा. नवीन रंग घेताना शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग, डब्यावर तसं लिहिलेलं बघून घ्या.

आता वाळवी. खांब मातीत गाडू नका, कितीही चांगलं लाकूड असलं तरी. चार जांभ्याचे चिरे ठेवा, पण चिरा पाणी ओढतो म्हणून वर पत्र्याचा तुकडा टाका, तो चिऱ्याच्या बाहेर दोन बोटं काढून खाली वाकवा, मग त्यावर लाकूड. वाळवीला त्या पत्र्याला वळसा घालूनच वर यावं लागतं आणि तिची पेन्सिलीएवढी मातीची नळी लगेच दिसते, दिसली की मोडा आणि वाळवीवाल्याला बोलवा. खालची जागा उघडी आणि झाडलेली ठेवा, पालापाचोळा साठला की विंचू-सापाची सोय होते. छप्पर भिंतीच्या बाहेर फूटभर काढा, पागोळी लाकडावर पडायला नको. मला विचाराल तर लाकूड कुठलं यापेक्षा पाणी कुठे जातं हे जास्त महत्त्वाचं.

गावाकडे लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल नाहीतर गाडीचं जळकं ऑइल लावतात. मुलांच्या घराला दोन्ही नको, काजूच्या तेलाने तर कातडीवर फोड येतात.

खिडकीला काच नको, आणि गज लावलेच तर फट साडेतीन इंचांच्या आत ठेवा, नाहीतर अंग जातं आणि डोकं अडकतं. दाराला कडी नको. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, समुद्राच्या हवेत साधे गंजतात.

प्रश्न: आमच्या कोल्हापूरच्या बागेतल्या घराला दरवर्षी व्हार्निश मारतो तरी पापुद्रे निघतात, आत लाकूड काळं पडलंय. काय चुकतंय?

उत्तर: व्हार्निश वर थर धरतं, उन्हाने तो तडकला की पाणी आत शिरतं पण बाहेर पडत नाही, म्हणून काळं. दिवाळीनंतर लाकूड कोरडं झालं की सगळं घासून काढा आणि बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, फडक्याने पातळ लावा, वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या, दुसऱ्या दिवशी दुसरा हात. पूर्ण सुकेपर्यंत मुलांना लांब ठेवा. पुढच्या वर्षी खरवडावं लागत नाही. पावसात बुरशीचे ठिपके येतील, साबणाच्या पाण्याने ब्रश मारला की जातात. मृगाच्या आधी एकदा स्क्रू आवळा, टाचणी खुपसून बघा, सहज आत गेली तर ती फळी बदला, आणि छपराखाली गांधीलमाशीचं पोळं आहे का तेही बघा.

एक मात्र लक्षात ठेवा, तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.