सोसाट्याच्या, झोतांनी येणाऱ्या वाऱ्यात लांब झुलते पूल टिकतात कसे?

तुमच्या प्रश्नात खलनायक झोतांचा वारा आहे. पण पुलाला जास्त घोर लागतो तो एकसारख्या वाऱ्याचा.

मागे टपावर गादी बांधून एक्स्प्रेसवेने येत होतो. ऐंशीच्या पुढे गेलं की वरचा चपटा पट्टा असा घुमायचा की आत एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. चहाला थांबलो तेव्हा एका ट्रकवाल्याने काही न बोलता पट्टा सोडला, दोन पीळ दिले आणि पुन्हा बांधला. पुढे आवाज नाही! गाडीचा वेग तोच, फक्त वाऱ्यासमोरचा आकार बदलला.

अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल असाच चपटा पट्टा होता. मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधलं अंतर, ८५३ मीटर, रुंदी जेमतेम १२, आणि दोन्ही कडांना अडीचेक मीटर उंचीचे भरीव पोलादी गर्डर. उद्घाटनाला चार महिने झाले होते. ७ नोव्हेंबर १९४० ला ताशी ६५-७० किलोमीटरच्या वाऱ्यात मध्यावर केबलला आवळून धरणारी पट्टी सरकली आणि वरखाली डोलणारा पूल पिळवटायला लागला. रस्ता तिरपा झाला की वाऱ्याचा दाब बदलतो, तो दाब रस्त्याला आणखी पिळतो, आणि दर हेलकाव्याला वारा थोडी ऊर्जा देत राहतो. हेच फ्लटर. पुस्तकांत याला सरसकट अनुनाद म्हणतात, म्हणजे वाऱ्याचा ताल पुलाच्या स्वतःच्या तालाशी जुळणं. ते पटत नाही: कडेवरून जाणाऱ्या वाऱ्याचे भोवरे सुटत होते सेकंदाला साधारण एक, पुलाचा एक पीळ पुरा व्हायला लागत होते पाच सेकंद. १९५० च्या नव्या पुलाला म्हणून खोल जाळीदार ट्रस, म्हणजे पोलादी सांगाडा, दिला, रस्त्यातही वारा जायला फटी ठेवल्या.

झोतांच्या वाऱ्याने हादरे बसतात, पोलाद थकतं. त्याचा हिशेब डिझाइनमध्ये वेगळा धरतात. पण भोवरे एका तालात सुटायला वारा गाळाभर सारखा लागतो, आणि झोत नेमका तो ताल मोडतात.

चीनमधला ८८८ मीटर गाळ्याचा हुमेन पूल ५ मे २०२० ला लाटेसारखा हलला, तेव्हा वादळ वगैरे काही नव्हतं. दुरुस्तीसाठी कठड्यालगत पाणी भरलेले प्लॅस्टिकचे अडथळे ओळीने लावले होते, त्यांनी रस्त्याच्या कडेचा आकार बिघडवला आणि भोवरे एका तालात सुटायला लागले. वाहतूक थांबवून आधी ते अडथळे उचलले.