तुझी बारा पानं वाचली

प्रिय दोस्ता,

तुझी बारा पानं दोनदा वाचली. भाड्याची खोली, कोरा कागद, बाहेर पाऊस, नायकाच्या डोळ्यांत पाणी. पाऊस फार छान उतरलाय. पण विनोदी कॉमिक म्हणून पाठवलंस आणि मला हसू एकदाच आलं: सातव्या पानावर, घरमालकाला चुकवायला तो चपला हातात घेऊन जिना उतरतो तिथे.

आता हिदेओ अझुमाची 'शिस्सो निक्की' मिळवून वाच. म्हणजे बेपत्ता होण्याची रोजनिशी, त्याच्याच आयुष्यावरचं कॉमिक; इंग्रजी अनुवाद आहे. 1950 चा जन्म, जपानातल्या होक्काइदोचा, नाव कमावलेला मांगाकार, म्हणजे तिकडची कॉमिक काढणारा. 1989 मध्ये हातातलं काम टाकून घरातून नाहीसा झाला, रानात राहू लागला. 1992 मध्ये पुन्हा तेच. त्या खेपेला गॅसच्या पाइपलाइनवर मजुरी धरली, आणि हात शिवशिवायला लागले म्हणून तिथल्या कंपनीच्या अंतर्गत मासिकालाच चित्रकथा पाठवली! मग दारू, 1998 च्या अखेरीस इस्पितळ. पुस्तक 2005 मध्ये आलं. पुढच्या वर्षी मांगासाठी दिला जाणारा तेझुका ओसामू सांस्कृतिक पुरस्कार.

इतक्या हालांवर हसू येतं कसं? त्याचा गोलमटोल माणूस बहुतेक चौकटींत डोक्यापासून पायापर्यंत दिसतो. चेहरा तो जवळ आणतच नाही. तुझ्याकडे डोळ्यांचे क्लोजअप मोजले, अकरा भरले. अझुमा सुरुवातीलाच सांगून टाकतो, वास्तव जमेल तेवढं काढून टाकलंय. पण ठेवलंय काय ते बघ: थंडीत निजायचं कसं, कचऱ्यात खाण्याजोगं काय सापडतं, सिगरेटची थोटकं कुठे मिळतात. नव्या नोकरीवर रुजू झालेल्या माणसासारखा तो बेघर राहण्याचं काम शिकत असतो. पोलिसांनी धरल्यावर त्यांच्यातलाच एक चाहता निघतो आणि चित्र काढून मागतो. हे बसून रचायला गेलास तर जमणार नाही.

मला एका दिवाळी अंकाने मानधनाऐवजी दहा प्रती दिल्या होत्या. वर्षभर हा अन्याय मी तावातावाने सांगायचो, लोक चहा पीत राहायचे. एकदा सहज म्हणालो, प्रती विकायला नेल्या तर रद्दीवाला म्हणाला, गुळगुळीत कागदाला भाव कमी. तेव्हा कुठे मंडळी हसली.

एक मात्र सांगतो, अझुमाचं तंत्र घे, जगणं नको. घरी बायको होती, मुलं होती, आणि पुस्तकात ती फारशी दिसत नाहीत. कितीही हसलो तरी ती रिकामी जागा मला खुपते.

सातवं पान नव्याने काढ. चपला कसल्या, कुठली पायरी करकरते, भाडं किती महिन्यांचं, सगळं येऊ दे. रक्कम आकड्यात लिही. आणि भाडं खरोखरच थकलं असेल तर पानं राहू देत, आधी मला फोन कर.