उंचीच दिलेली नाही, मॅडम

सहामाहीचे पेपर हातात पडले की माझ्याकडे येणाऱ्या आयांचं एक वाक्य ठरलेलं असतं. "सूत्रं तोंडपाठ आहेत हो मॅडम, पण आकृती आली की कोरं सोडून येतो." गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलाची आईही हेच म्हणाली. ती शिवणकाम करते. "लक्षच नसतं याचं," हेही तिने त्याच्यासमोरच सांगून टाकलं.

त्याने कोरं सोडलेलं गणित मी पुढ्यात ठेवलं. आयत १२ सेमी बाय ८ सेमी. आत एक तिरका त्रिकोण, एक टोक आयताच्या कोपऱ्यात, उरलेली दोन टोकं पलीकडच्या दोन बाजूंवर. त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायचं.

"कुठे अडतोस?"

तो गप्पच. तिसऱ्या भेटीत हळूच म्हणाला, "उंचीच दिलेली नाही, मॅडम. बाकीच्यांना ती दिसते. मलाच दिसत नाही."

खरं दुखणं हे होतं. गणितात उंची नव्हतीच, आणि हा पोरगा ती उणीव स्वतःच्या डोक्यात शोधत होता.

चौथ्या भेटीत मी आलेखकागद आणि कात्री दिली. त्याने त्रिकोण कापला आणि हातात धरून बघत बसला. टेबलावर तीन कातरणं पडली होती. सवयीने आई ती गोळा करायला लागली.

"थांब आई, टाकू नकोस." त्याने एक तुकडा उचलला. "याला काटकोन आहे. याचं मला येतं."

मी एक शब्दही बोलले नाही. त्याने तिन्ही कातरणांची क्षेत्रफळं काढली: १८, २०, १६. बेरीज ५४. ९६ मधून ५४ गेले, उरले ४२.

विचारलेल्या आकृतीवरच नजर खिळवायला आपणच मुलांना शिकवतो. आधी हात, मग चित्र, शेवटी सूत्र हा मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांचा क्रम मी इतकी वर्षं धरून आहे, तो अशा दिवसांसाठी. पालकहो, "सोपं तर आहे" म्हणू नका. "यातलं काय नको आहे?" असं विचारा. उत्तराचा अंदाज आधी बांधायला लावा: आयतातला कुठलाही त्रिकोण आयताच्या निम्म्याहून मोठा होत नाही. इथे निम्मे ४८, म्हणून ४२ पटतात. ही पडताळणी हाती असली की मूल उत्तरासाठी तुमच्या तोंडाकडे बघत नाही.

शेवटच्या भेटीत मी बाग दिली. २० मीटर बाय १५ मीटर, मधोमध एकमेकांना छेदणारे २ मीटर रुंदीचे दोन रस्ते. हिरवळ किती? त्याने ३०० मधून ४० आणि ३० वजा केले, २३० लिहिले आणि पेन खाली ठेवलं. मग रस्ते मिळतात तिथे बोट टेकवलं.

"हा चौक दोनदा गेला." २३० खोडून त्याने २३४ केले. माझ्याकडे वर पाहिलंही नाही.