वाचकांचे प्रश्न : मैलाचा दगड

प्रश्न : खानापूर रस्त्यालगत मातीत अर्धा गाडलेला मैलाचा दगड दिसला. तो घरी आणून जपावा का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : कृपया हलवू नका, कारण जागा सुटली की त्यावरच्या आकड्याचा अर्थच हरवतो. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि रस्त्यांवर किलोमीटर त्यानंतर आले. म्हणजे आपला दगड बहुधा त्याआधीचा आहे. मऊ ब्रशने, साध्या पाण्याने माती काढा, रंग मुळीच देऊ नका. तिरप्या उन्हात छायाचित्र घेतल्यास झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. पुढचा दगड शोधायचा तर जुन्या रस्त्याच्या वळणानेच एक मैल, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर चाला. कित्येकदा तो शेंदूर फासलेला, देव म्हणून पुजलेला सापडतो. रुंदीकरणाआधी ग्रामपंचायतीला लेखी कळवाच.