फ्रेशरच्या रेझ्युमेतलं ऑब्जेक्टिव्ह: ठेवू की काढू?

नुकतीच पदवी झाली आहे, अनुभव नाही, आणि रेझ्युमेत सगळ्यात वर ऑब्जेक्टिव्ह म्हणून, म्हणजे कोणतं काम हवंय ते सांगणाऱ्या ओळीत, "नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून माझ्या कौशल्यांचा पुरेपूर वापर करणे" असं लिहिलंय, ते ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. हे वाक्य काढाच. राग मानू नका, पण भरतीच्या कामात ते इतक्यांदा वाचलंय की आता नजर आपोआप खालच्या ओळीवर घसरते. तुमचं नाव झाकून ते शेजारच्याच्या रेझ्युमेवर चिकटवून बघा. तिथेही चपखल बसतं ना? मग त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

ऑब्जेक्टिव्हच नको असं मात्र मी म्हणणार नाही. चार-पाच वर्षं काम केलेल्याने त्याऐवजी समरी, म्हणजे केलेल्या कामाचा थोडक्यात सारांश, लिहावी. पण फ्रेशर, क्षेत्र बदलणारे किंवा मोठ्या गॅपनंतर परतणारे यांच्या बाबतीत "हा माणूस या जागेसाठी का आलाय?" हा प्रश्न वाचणाऱ्याला पडतोच. त्याचं उत्तर दोन-तीन ओळींत द्यायचं, बस्स.

समजा ज्युनिअर डेटा अ‍ॅनालिस्टची जागा आहे. मी असं लिहीन: "ज्युनिअर डेटा अ‍ॅनालिस्ट पदासाठी अर्ज. संख्याशास्त्रात पदवी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये ग्राहकांच्या ४,००० तक्रारींची एसक्यूएल आणि एक्सेल वापरून वर्गवारी केली. तुमच्या ग्राहकसेवा विभागाच्या अहवालांसाठी हेच काम करण्याची इच्छा." पदाचं नाव जाहिरातीत आहे तसंच्या तसं घेतलंय. "मेहनती", "टीम प्लेअर" वगैरे विशेषणं एकही नाही, कारण ती कोणीही लावतं. आकडा अर्थात उदाहरणापुरता. तुमचा खराच टाका, मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा त्याच्यावरच येतो. प्रोजेक्ट छोटा असेल तर छोटाच सांगा, ४० नोंदींचा असला तरी चालेल.

ऑब्जेक्टिव्हचा शेवटचा भाग, म्हणजे तुम्ही तिथे काय करणार ते, बहुतेकांचा चुकतो. "मला शिकायला मिळावं", "माझी प्रगती व्हावी" हे खरं असलं तरी समोरच्याला त्याच्या टेबलावरचं काम उरकायचं असतं. त्यातलं कोणतं काम तुम्ही उचलणार, ते जाहिरातीतल्या जबाबदाऱ्या वाचून ठरवा.

म्हणजे प्रत्येक अर्जाला ऑब्जेक्टिव्ह थोडं बदलावं लागणार. कंटाळवाणं आहे खरं. आणि बदलताना नीट तपासा! मी स्वतः उमेदवारीच्या काळात एका कंपनीला दुसऱ्याच कंपनीचं नाव असलेलं ऑब्जेक्टिव्ह पाठवलं होतं. उत्तर आलं नाही, हे सांगायला नकोच.

एटीएसबद्दलही, म्हणजे अर्जांची छाननी करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दलही थोडं. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी त्यातून जातो. वर्डच्या हेडरमध्ये किंवा चित्रात टाकलेला मजकूर काही सिस्टिम्सना वाचताच येत नाही, म्हणून ऑब्जेक्टिव्ह साध्या मजकुरात, नाव आणि संपर्काच्या खाली ठेवा. जाहिरातीतले शब्द जरूर वापरा, पण सगळे त्या तीन ओळींत कोंबू नका. ते स्किल्स आणि प्रोजेक्टमध्येही वाचले जातात.

ऑब्जेक्टिव्ह लिहायला घ्या ते बाकीचा रेझ्युमे पूर्ण झाल्यावरच. तोवर कोणता प्रोजेक्ट वर आणावा हे आपोआप कळलेलं असतं. एका पानात बसत नसेल, तर प्रोजेक्टच्या ओळींना हात न लावता ऑब्जेक्टिव्हच उडवा.