डकीवर अन्याय झाला का?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे आणि शिकवणीसाठी लातूरला राहते. दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघींनी ‘प्रिटी इन पिंक’ हा जुना अमेरिकी चित्रपट पाहिला. बेताच्या परिस्थितीतली अँडी, तिचा जुना मित्र डकी आणि श्रीमंत घरचा ब्लेन यांची ही शाळकरी प्रेमकथा आहे. शेवटी अँडी ब्लेनकडे जाते, हे मुलीला मुळीच पटले नाही. ‘जो कायम सोबत होता, त्यालाच वाऱ्यावर सोडले,’ असे म्हणून ती दोन दिवस धुसफुसत होती. मूळ शेवट वेगळा होता, असे तिने कुठेतरी ऐकले आहे. ते खरे आहे काय?
(एक शिक्षिका, परभणी)

उत्तर : होय, ते खरे आहे. १९८६ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाची पटकथा जॉन ह्यूजेस यांची आणि दिग्दर्शन हॉवर्ड ड्यूच यांचे. मूळ पटकथेत अँडी आणि डकी शेवटच्या नृत्यसमारंभात एकत्र नाचतात आणि कथा तिथेच संपते. प्रदर्शनापूर्वी निवडक प्रेक्षकांना चित्रपट दाखवला, तेव्हा तो शेवट त्यांना रुचला नाही. त्यांना अँडीला ब्लेन मिळालेला हवा होता. मग शेवट नव्याने चित्रित करावा लागला. ब्लेनचे काम करणाऱ्या अँड्र्यू मॅकार्थी यांनी तोवर एका नाटकासाठी डोके भादरले होते, त्यामुळे त्यांना टोप घालून उभे राहावे लागले. आपल्या मुलीला तो प्रसंग पुन्हा पाहायला सांगावा. केसांकडे लक्ष गेले की ब्लेनची क्षमायाचना थोडी कमी गंभीर वाटू लागते, आणि तिचा राग निवळायला तेवढे पुरावे.

मात्र डकीवर अन्याय झाला, हे मला मान्य नाही. तो गमत्या आहे, जीव लावणारा आहे, आणि अँडी काम करते त्या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात गाण्याच्या तालावर जो धिंगाणा घालतो, तो विसरता येत नाही. पण सायकलवरून तिच्या घरापुढे फेऱ्या मारणारा आणि तिने दुसऱ्याबरोबर जायचे ठरवताच तिच्यावर भडकणारा हा मुलगा आपल्या मैत्रीचा हिशेब मनात मांडून बसलेला आहे. इतकी वर्षे सोबत केली, आता पदरात काय पडले, असा तो हिशेब. शेवटी तो स्वतःच तिला ब्लेनच्या मागे जायला सांगतो, तेव्हा ते खाते बंद होते आणि तो खऱ्या अर्थाने मित्र होतो. चित्रपटाचे दुखणे मला दुसरीकडे दिसते. ब्लेनने अँडीला समारंभाचे आमंत्रण दिले, मित्रांच्या कुचेष्टेला घाबरून तिला टाळले आणि आपण आधीच दुसरीला विचारले होते, असे धडधडीत खोटे सांगितले. एवढे सारे त्याला चार वाक्यांत माफ होते. ती माफी फार स्वस्तात मिळाली.

आणि तरीही ब्लेन अँडीला गाडीतून घरी सोडायला निघतो, त्या एका प्रसंगासाठी मी हा चित्रपट कितीही वेळा पाहीन. ती आधी टाळाटाळ करते आणि अखेर रडवेली होऊन सांगते, की मी कुठे राहते ते तुला दिसायला नको आहे. मी स्वतः लातूरला शिकवणीसाठी होतो, तेव्हा एक वर्गमित्र रोज रात्री मला त्याच्या स्कूटरवरून सोडत असे. मी गंजगोलाईपाशीच उतरायचो. ‘इथून दोन पावलांवर आहे,’ म्हणायचो, तो दिसेनासा होईपर्यंत एखाद्या दुकानासमोर रेंगाळायचो आणि मग वीस मिनिटे चालत पत्र्याच्या खोलीवर जायचो. त्याने मला कधी हिणवले नव्हते. माणूस चांगला होता, म्हणूनच खोली दाखवायची लाज अधिक वाटत होती.

प्रश्न : या चित्रपटात श्रीमंत मुलांचा कंपू शाळेत मिरवतो आणि बाकीचे त्यांच्याकडे पाहत राहतात. आमच्या शिकवणीत मात्र चाचणीत पहिला येईल त्याचा मान असतो, मग तो कोणाचाही असो. मग ही कथा आपल्याला लागू पडते का?
(बारावीचा विद्यार्थी, धाराशिव)

उत्तर : चाचणीचा निकाल फळ्यावर लागलेला असतो, तोवर आपले म्हणणे बरोबर आहे. पण वाढदिवसाला कोणाला बोलावले जाते, कोणाच्या डब्यात कोण हात घालते आणि कोणाचे आडनाव ऐकल्यावर ‘गाव कोणते, गल्ली कोणती’ अशी पुढची चौकशी होते, हेही एकदा पाहावे. ह्यूजेस यांच्या कथेत दरी पैशाची आहे. अँडीचा बाप जुन्या कपड्यांतून तिच्यासाठी गुलाबी पोशाख घेऊन येतो, मैत्रीण आपला जुना पोशाख देते, त्या दोहोंतून अँडी स्वतःच्या हाताने नवा बेतते आणि समारंभाला ताठ मानेने जाते. पैशाची उणीव अशी सुईदोऱ्याने थोडीफार झाकता येते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्यादेखील वर्गातल्या शालूसाठी नवे कपडे घ्यायला धडपडतो, पण गावाने त्याच्यावर मारलेला जातीचा शिक्का कोणत्याही कपड्याने झाकला जात नाही. हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिले, तर अमेरिकी चित्रपटाला गोड शेवट का परवडला, ते कळते.

प्रश्न : मित्राला न्याय देणारा असाच एखादा चित्रपट आहे का?
(एक वाचक, सेलू)

उत्तर : आहे, आणि तोही याच जोडीचा. ह्यूजेस यांनी लिहिलेला आणि ड्यूच यांनीच दिग्दर्शित केलेला ‘सम काइंड ऑफ वंडरफुल’ १९८७ साली आला. येथे नायक गरीब आहे, त्याची जिवलग मैत्रीण ढोल वाजवते, आणि शाळेतल्या सर्वांच्या आवडत्या मुलीमागे धावून झाल्यावर तो अखेर या मैत्रिणीकडेच वळतो. फक्त त्याआधी तो महाविद्यालयीन शिक्षणासाठी साठवलेल्या पैशांतून हिऱ्याच्या कुड्या विकत घेतो. शिकवणीचा हप्ता नुकताच भरून आलेल्या पालकांनी तेवढा प्रसंग मुलांच्या शेजारी बसून पाहू नये.